शांतताकाळातील तयारी : लष्कर, सावकार आणि कारखानदार
(सातारा-सांगलीच्या इतिहासातील एक धागा)

पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत कुंडलच्या माळावरील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापुढे एक मोठी अडचण उभी राहिली. शेतकऱ्यांकडून लोखंडी नांगरांना मागणी होती, हाताखाली तयार कारागीर होते. परंतु नांगर ओतण्यासाठी लागणारे बीड परदेशातून येईनासे झाले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली उभा केलेला हा कारखाना कच्च्या मालावाचून बंद पडण्याची वेळ आली. त्या वेळी कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती साहाय्यास धावले. संस्थानातील किल्ल्यांवर निकामी होऊन पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना देऊ केल्या. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर होऊन कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरले.

ही हकीकत लक्ष्मणरावांच्या जिद्दीचे आणि शाहू महाराजांच्या औदार्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक बोध दडलेला आहे. तोफेचे आणि नांगराचे लोखंड एकच असते आणि ते ओतणारे हातही एकच असतात. ज्या देशात नांगर, पंप आणि इंजिने करणारे कारखाने आहेत, त्या देशाला प्रसंगी स्वतःच्या संरक्षणाची साधनेही करता येतात. ज्या देशाने शांततेच्या काळात असे कारखाने उभे केले नाहीत, त्याला ऐन संकटात दुसऱ्याच्या दारी जावे लागते. लष्करी नेतृत्व आणि आर्थिक नेतृत्व यांचे हे नाते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात तीनशे वर्षे निरनिराळ्या रूपांत दिसते. त्या रूपांचा हा धावता आढावा आहे.

स्वराज्याची शिकवण

शिवछत्रपतींनी १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले आज्ञापर पत्र प्रसिद्ध आहे. मोहीम संपलेली, पावसाळा तोंडावर आलेला, घोडदळ छावणीस बसलेले. म्हणजे काळ शांततेचा होता. महाराजांची चिंता ही की, साठवलेले धान्य आणि वैरण लष्कराने आधीच बेहिशेबी उडवले, तर पावसाळ्यात टंचाई पडेल; मग शिपाई रयतेच्या घरात शिरून धान्य, गवत, लाकूडफाटा उचलू लागतील आणि रयत देशोधडीला लागेल. ज्याला जे हवे असेल ते त्याने पैसे मोजून बाजारातून आणावे, असे महाराजांनी बजावले. लष्कराला रोख पगार मिळावा, त्याने बाजारातून खरेदी करावी आणि बाजाराने निर्धास्त राहावे, अशी ही व्यवस्था होती. सैन्य आणि व्यापार यांच्यातील विश्वासाचा पाया या पत्रात घातलेला आहे.

हाच विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त पुढे नेलेला आढळतो. राजाराम छत्रपती जिंजीस असताना ज्या थोड्या माणसांनी महाराष्ट्रातील राज्य सावरून धरले, त्यांत रामचंद्रपंत अग्रणी होते. पैशावाचून सैन्य कसे विस्कटते हे त्यांनी स्वतः पाहिले होते. म्हणूनच आज्ञापत्रात सावकारांवर स्वतंत्र विवेचन आहे. सावकारांमुळे राज्य आबाद होते, संकटकाळी त्यांच्याकडून कर्ज मिळून आपत्ती टळते, यासाठी राजाने त्यांचे रक्षण करावे आणि त्यांचा अपमान होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्याच ठिकाणी टोपीकर व्यापाऱ्यांविषयी इशारा दिलेला आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आणि त्यांचे आरमार आहे, हे आज्ञापत्रकाराने ओळखले होते. युरोपीय राष्ट्रांत व्यापारी कोठी आणि युद्धनौका एकाच धोरणाची दोन अंगे झाली होती. मराठी राज्यात हे नाते त्या प्रमाणात जुळले नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

कर्ज आणि सरंजाम

१७०८ च्या प्रारंभी साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. राज्य होते, पण तिजोरी रिकामी होती. बाळाजी विश्वनाथांनी फौज उभी केली ती बहुतांशी सावकारांच्या पैशावर. चासचे सावकार महादजी कृष्ण जोशी यांनी शाहू महाराजांना अडचणीच्या काळात द्रव्यसाहाय्य केले. त्यांचीच कन्या काशीबाई ही पुढे थोरल्या बाजीरावांची पत्नी झाली. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे अनेक सरदारांचे गुरू होते, तसेच त्यांचे धनकोही होते. कर्जाच्या तगाद्याने गांजलेल्या बाजीरावांनी स्वामींना लिहिलेली पत्रे वाचली म्हणजे रणांगणावर अपराजित राहिलेल्या त्या सेनापतीची खरी विवंचना कोणती होती, हे कळते. मोहिमेसाठी कर्ज काढावे आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मोहिमेवर निघावे, असे हे चक्र होते. सावकार आणि सेनापती यांचे सहकार्य होते खरे, परंतु ते दर मोहिमेपुरते होते. शांततेच्या काळात दोघांनी मिळून काही उभे करावे, अशी सोय त्यात नव्हती.

दुसरी व्यवस्था सरंजामाची. माधवराव पेशव्यांच्या काळात मिरज आणि आसपासचा मुलूख पटवर्धनांकडे सरंजाम म्हणून आला. त्या मुलखाच्या वसुलातून त्यांनी घोडदळ बाळगावे आणि दक्षिणेच्या सरहद्दीवर हैदरअलीला तोंड द्यावे, ही त्यामागील योजना. येथे मुलखाचे उत्पन्नच लष्कराच्या हाती सोपवलेले होते. पटवर्धनांनी पराक्रम गाजवला, तसेच मुलखाची व्यवस्थाही चांगली ठेवली. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीस आले आणि कृष्णेच्या काठी नवी राजधानी वाढू लागली. परंतु सरंजामाचा एक अंगभूत दोष होता. फौज सरदाराची राहिली, राज्याची राहिली नाही. घराण्यात फूट पडली की फौजेतही फूट पडे. दारूगोळा, तोफा आणि बंदुका यांच्यासाठी कायमचे, वाढत जाणारे कारखाने उभे करणे एकेका सरंजामदाराच्या आवाक्याबाहेरचे होते.

१८१८ नंतर हा सारा पट उधळला. साताऱ्याचा शिपाई इंग्रजी पलटणीत भरती होऊन दूरदेशी लढू लागला. सातारा तालुक्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव त्या गावाला कायमचे चिकटले. माणूस येथला होता. त्याच्या हातातील बंदुकीचा निर्णय, तिचा कारखाना आणि तिचा हिशेब मात्र परक्याच्या हाती होता.

वालचंदांचे धाडस

या परवशतेची जाणीव ज्या उद्योजकाला सर्वांत तीव्रतेने झाली, ते सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. रेल्वेची कंत्राटे, बोगदे आणि पूल यांतून वर आलेल्या या माणसाने १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेऊन इंग्रजी जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. त्या कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर वालचंदांनी विमाने, जहाजे आणि मोटारी हे तीनही धंदे हिंदुस्थानात सुरू करण्याचा ध्यास घेतला. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली. परंतु परके सरकार आणि स्वदेशी उद्योजक यांच्यात विश्वास नव्हता. १९४२ साली सरकारने वालचंदांचा विमान कारखान्यातील हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केले. विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडल्याने जहाजांचे काम लांबले आणि तेथील पहिले जहाज, ‘जलउषा’, स्वातंत्र्यानंतर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. युद्धाच्या धामधुमीत उद्योग उभा करणे किती कठीण असते, याचा हा अनुभव आहे.

सातारा-सांगलीशी वालचंदांचा संबंध दोन ठिकाणी आला. कोरेगाव तालुक्यातील सातारा रोड येथे साताऱ्याचे पारशी उद्योजक सर धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगरांचा आणि पुढे इंजिनांचा कारखाना उभा केला होता. हे कूपर १९३७ मध्ये काही काळ मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. त्यांचा कूपर इंजिनिअरिंग हा कारखाना पुढे वालचंद उद्योगसमूहात आला आणि सातारा रोडचे ओतकाम वालचंदनगरच्या यंत्रनिर्मितीला जोडले गेले. दुसरा संबंध सांगलीचा. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सांगलीत सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली वालचंदांचे नाव देण्यात आले. कारखान्याला लागणारा इंजिनिअर घडवणे हेही शांतताकाळातील तयारीचेच काम आहे.

देवराष्ट्रेचे यशवंतराव

देवराष्ट्रे हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या गावात १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांवर दोन्ही जिल्ह्यांचा सारखाच हक्क आहे.

ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. हिमालयातील थंडीत लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे आणि बूट नव्हते, हे कळल्यावर देश हळहळला. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादन विभाग अस्तित्वात आला आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे ‘आर्थिक व संरक्षण समन्वय’ हे नवे खाते सोपवण्यात आले. तिजोरी आणि तोफखाना यांचा विचार एकत्र झाला पाहिजे, ही गोष्ट खात्याच्या नावातच मान्य झाली.

पराभवाच्या धक्क्यात घाईघाईने शस्त्रे विकत घेऊन मोकळे होणे सोपे होते. यशवंतरावांच्या कारकिर्दीत मात्र १९६४ ते १९६९ अशी संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली. ८ लाख २५ हजारांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल आणि एकूण सुमारे ५,००० कोटी रुपयांचा खर्च, असा तिचा आराखडा होता. पाच वर्षांत काय लागणार हे सेनाधिकाऱ्यांनी सांगायचे आणि ते कोठून, किती खर्चात उभे करायचे हे अर्थखात्याने व उत्पादकांनी ठरवायचे, ही पद्धत रुळू लागली. भंडारा, वरणगाव, चांदा आणि अंबाझरी येथील आयुधनिर्माणी त्या दशकात उभ्या राहिल्या. ओझर येथे मिग विमानांचा कारखाना आला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी वालचंदांनी रोवलेल्या बंगळूरच्या कारखान्यासह हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही कंपनी आकाराला आली.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात या प्रयत्नांची परीक्षा झाली. पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंजलेल्या लहानशा नॅट विमानांची बांधणी परवान्याखाली बंगळूरच्या त्याच कारखान्यात होत होती. सोलापूरच्या उद्योजकाने आरंभलेले आणि परक्या सरकारने काढून घेतलेले काम देवराष्ट्रेच्या संरक्षणमंत्र्याच्या कारकिर्दीत देशाच्या उपयोगी पडले. त्याच युद्धात दुसरा धडाही मिळाला. अमेरिका आणि ब्रिटन यांनी लष्करी पुरवठा थांबवला आणि परकीय यंत्रांच्या सुट्या भागांची चिंता उभी राहिली. नोव्हेंबर १९६५ मध्ये, म्हणजे युद्धविराम झाल्यानंतर, संरक्षण पुरवठा विभाग स्थापन करण्यात आला. देशातील मुलकी उद्योग आणि संरक्षण उत्पादन केंद्रे यांची सांगड घालणे हे त्याचे काम होते. कोणत्या वस्तू बाहेरून आणाव्या लागतात आणि त्यांपैकी कोणती वस्तू आपल्या देशातील कारखाना करून देऊ शकेल, हे शोधण्याचे ते कार्यालय होते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. कारखानदाराला एका साच्यातून हजारो नग काढायचे असतात. लष्कराला एखाद्या भागाचे शे-दोनशे नगच लागतात. लष्कराची तपासणी कडक असते आणि एक मागणी पूर्ण झाल्यावर दुसरी कधी येईल, याचा भरवसा नसतो. मधल्या काळात साचे आणि कारागीर सांभाळण्याचा खर्च कोणी सोसायचा? या प्रश्नाचे उत्तर शांततेतच शोधावे लागते, कारण युद्ध सुरू झाल्यावर शोधण्यास वेळ नसतो. विशेष म्हणजे १९७० ते १९७४ या काळात यशवंतराव देशाचे अर्थमंत्री होते. १९७१ च्या बांगलादेश मुक्तीच्या युद्धात तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांना सैन्याच्या गरजा संरक्षणमंत्री या नात्याने आधीच ठाऊक होत्या. असा योग एका माणसाच्या आयुष्यात क्वचित येतो.

हिशेब आणि विवेक

या सहकार्याला धोक्याची बाजूही आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः मोठे सेनानी होते. तरीही १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रोद्योग यांच्या युतीला अवास्तव सत्ता मिळू देऊ नका, असे देशवासीयांना बजावले. शस्त्र विकणाऱ्याला युद्ध लाभाचे वाटू लागले, तर शांतता टिकणार नाही. भारतातही संरक्षण खरेदीवरून संसदेत वादळे उठली आहेत. म्हणून मागणी लष्कराने करावी, उत्पादन उद्योगाने करावे आणि हिशेब संसदेने व महालेखापरीक्षकांनी तपासावा, ही मर्यादा आवश्यक ठरते. २००१ साली संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांना खुले झाले. २००५ साली डॉ. विजय केळकर यांच्या समितीने खासगी उद्योगांना भागीदार करून घेण्याच्या शिफारशी केल्या. २०२१ साली आयुधनिर्माणींचे कंपन्यांत रूपांतर झाले. उद्योगांचा सहभाग जसा वाढतो, तशी हिशेबाची गरजही वाढते.

जैन समाजापुढे येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. अहिंसेचा उपासक या कामात कोठवर सहभागी होऊ शकतो? जैन आचारविचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेल्या हिंसेचा, त्याग करावाच. स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही. ती कमीत कमी व्हावी ही दक्षता त्याने घ्यायची असते. दुसरीकडे अनर्थदंडव्रतात हिंसादानाचा, म्हणजे हिंसेची साधने निष्कारण दुसऱ्याच्या हाती देण्याचा, स्पष्ट निषेध आहे. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. राणा प्रतापांपुढे आपली संपत्ती ठेवणारा भामाशाह जैन श्रावक होता. त्यांची नावे आदराने घेतली जातात, कारण त्यांच्या शस्त्रामागे आणि द्रव्यामागे रक्षणाची बुद्धी होती. रक्षण आणि नफा यांतील सीमारेषा परिग्रह-परिमाण व्रताने आखून दिलेली आहे.

२६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे भारतात बांधलेली पहिली अणुपाणबुडी पाण्यात उतरली. तिच्या बांधणीत ज्या खासगी उद्योगांचा वाटा होता, त्यांत वालचंदनगर इंडस्ट्रीजचेही नाव होते. वालचंदांनी १९४१ साली जहाज कारखान्याचा पाया घातला होता तो याच बंदरात. त्या पाणबुडीचे नाव आहे ‘अरिहंत’. संस्कृत भाषेच्या दृष्टीने शत्रूंचा नाश करणारा, असा त्याचा अर्थ. णमोकार मंत्र रोज म्हणणाऱ्या श्रावकाला मात्र त्या शब्दातील शत्रू ठाऊक आहेत. क्रोध, मान, माया आणि लोभ हे ते शत्रू. सैन्य आणि अर्थसत्ता एकत्र येतात, तेव्हा बाहेरच्या शत्रूपासून देशाचे रक्षण होते. परंतु यांपैकी लोभ हा शत्रू दोघांच्याही घरात शिरू शकतो.

किर्लोस्करवाडीच्या भट्टीत तोफांचे नांगर झाले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तो नांगर ओतणाऱ्या हातांना पुन्हा तोफ ओतण्याची वेळ येऊ नये, ही प्रार्थना प्रत्येक अहिंसाप्रेमी माणूस करील. ती वेळ आलीच, तर ते हात तयार असावेत आणि त्यांचा हिशेब चोख असावा, याची काळजी मात्र शांततेच्या दिवसांतच घ्यावी लागते.